पाव पानाचा स्वयंपाक

हट्ट्याचे पुंजाजी आचारी माणसं मोजत नाहीत, पानं मोजतात. कार्य कुणाचं, कुठं, कधी, हे सगळं नंतर. आधी "किती पानं?" पाचशे म्हटलं की डोळे मिटून सांगतात, तांदूळ चाळीस किलो, तूरडाळ पंधरा, आणि वर थोडं ऐनवेळी उगवणाऱ्या पाहुण्यांसाठी. गेली पस्तीस वर्षं वसमत तालुक्यातली निम्मी लग्नं त्यांच्या हातचं वरण जेवून उठली आहेत, आणि वरण कमी पडलं असं एकाही वरबापाला म्हणता आलेलं नाही. अशा माणसाच्या घरात परवा एक पाव पान जेवायला बसायचं झालं आणि पुंजाजींचा सगळा अंदाज मोडून पडला.

पाव पान म्हणजे त्यांची नात, प्रियदर्शनी. वय साडेसहा महिने, दात खाली दोन, मत पक्कं. वाटीचमचा समोर आला की ती आधी चमच्याकडं बघायची, मग तो धरणाऱ्या माणसाकडं, आणि तोंडात गेलेलं सगळं जिभेनं ढकलून बाहेर आणायची. कचेरीतून अर्ज परत यावा तसं, न वाचता.

अडचण अशी की तिची आई, म्हणजे पुंजाजींची सून राणी, वसमतच्या एका दवाखान्यात नर्स आहे, तीही कंत्राटावर. बाळंतपणाची रजा संपत आली होती. "सोमवारी हजर व्हा, न्हाई तर दुसरी बाई घेऊ," असा निरोप आला होता. बाळ बाटली तोंडात धरत नव्हतं, वरचं काही गिळत नव्हतं. राणी सकाळी आठला निघणार, संध्याकाळी सहाला येणार. मधल्या दहा तासांचं काय?

राणीनं मंगळवारीच सांगून टाकलं, "मामा, शनिवार-रविवारपर्यंत हिनं खाल्लं तर मी जाईन. न्हाई तर न्हाई जाणार. आपलं लेकरू उपाशी ठेवून दुसऱ्याच्या लेकराला काय सलाईन लावू?" सासऱ्याला ती मामा म्हणते.

यातली गंमत म्हणजे दवाखान्यात बाळाला वरचं अन्न कसं सुरू करायचं हे आयांना समजावून सांगायचं काम राणीचंच. भिंतीवरच्या तक्त्यावर पट्टी ठेवून तिनं शेकडो बायांना शिकवलं होतं. घरी ना तक्ता चालला, ना पट्टी.

मग सल्ले सुरू झाले. पुंजाजींची बायको मालनबाई म्हणाली, भाताची पेज द्या. शेजारचा भावसिंग ट्रॅक्टर चालवतो, पण त्याला लेकरांतलंही कळतं. तो म्हणाला, "दादा, आमच्या तांड्यात पहिली आंबील. ज्वारीची. पोरगं नांगराला लागतं पुढं." मुलगा बुद्धभूषण, ज्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यानं तीन व्हिडिओ आणून दाखवले. एकातली बाई म्हणत होती, केळं कुस्करून द्या. दुसरी म्हणत होती, केळं अजिबात नको, कफ होतो. तिसरी म्हणत होती, लेकराच्या पुढं ठेवा, त्याला हातानं खाऊ द्या, तुम्ही मध्ये पडू नका. तिन्ही बाया हसऱ्या, तिघींच्या मागचा ओटा चकचकीत.

"यातलं खरं कोणतं?" पुंजाजींनी विचारलं.

"तिन्हीला लाखावर लाईक आहेत, बाबा," बुद्धभूषण म्हणाला.

अंगणवाडीच्या शिलाताईंनी त्यात भर घातली. "घरचंच द्या काका, मऊ करून. फक्त वर्षाची होईस्तोवर मीठ न्हाई, साखर न्हाई, गूळ न्हाई."

"तिखट?"

"काका."

"बरं. फोडणी?"

"कशाला?"

"मग आचाऱ्याला काहून बोलावलं?" पुंजाजी म्हणाले. त्यांना कुणी बोलावलेलं नव्हतं, पण हे त्यांना सांगायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं.

शुक्रवारी मात्र त्यांनी काम स्वतःच्या हातात घेतलं. मुगाची मऊ खिचडी करायची ठरली. मालनबाईनं छोटं पातेलं पुढं केलं, तर ते बाजूला सारून पुंजाजींनी अंगणात चूल मांडली आणि स्वतःच्या सामानातलं सगळ्यांत लहान भांडं काढलं. ते पंचवीस पानांचं होतं, बारशाला नेतात तसलं.

"आवं, लेकरू एक आहे," मालनबाई म्हणाली.

"मला वाटीत अंदाज येत न्हाई. पंचवीस पानाचं बराबर शिजवतो, त्यातलं पाव पान काढून घेऊ. उरलं ते उरलं."

या बोलण्यात चूक कुठं आहे ते कुणालाच सापडेना, म्हणून शिजू दिलं. खिचडी झाली तर इतकी सुरेख, मऊ, सरसरीत, वर पिवळा रंग. पुंजाजींनी चव घेतली आणि त्यांचा चेहरा असा झाला की मालनबाई पाणी घेऊन धावली. पस्तीस वर्षांत त्यांनी बिनमिठाचं काही चाखलं नव्हतं.

एवढा स्वयंपाक होईस्तोवर दीड तास गेला. तेवढ्यात प्रियदर्शनी आईचं दूध पिऊन गाढ झोपली. तिच्या वाटचं वाटीत झाकून ठेवलं आणि उरलेली पावणेपंचवीस पानं गल्लीनं खाल्ली. लोक येताना घरून चिमूट चिमूट मीठ कागदात घेऊन आले. भावसिंगानं दोनदा घेतलं. जाताना प्रत्येकानं एकेक सल्ला दिला. झोपून उठल्यावर बाळानं खिचडीचा पहिला चमचा थुंकला आणि दुसऱ्याला तोंडच उघडलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी पुंजाजी ओट्यावर बसून होते. मालनबाईला म्हणाले, "मी काय चुकवलं? डाळ बराबर, पाणी बराबर. पाहुण्यानं ताट परत केलं तर कारण सांगतो की न्हाई? ही सांगतच न्हाई."

"सहा महिन्याची आहे ती."

"नुस्तं बोट तरी दाखवावं."

शनिवारी शिलाताई वजन करायला आल्या. राणी कोपऱ्यात बसून होती. तिनं दवाखान्याचा पांढरा ड्रेस धुऊन दोरीवर टाकला होता, पण त्याला इस्त्री केली नव्हती. शिलाताईंनी ते पाहिलं आणि वजनकाटा गुंडाळता गुंडाळता विचारलं, "तुमी सगळे जेवता कधी?"

साधा प्रश्न, पण घर गोंधळलं. बुद्धभूषण म्हणाला, सकाळी आठला, दुकानाला निघताना, उभ्यानं. राणी म्हणाली, सगळ्यांचं झाल्यावर, बाळाकडं पाठ करून, म्हणजे ती ताटावर झेप घेत नाही. मालनबाई म्हणाली, "मी कुठं जेवते, येता-जाता तोंडात टाकते." पुंजाजींचं तर वेगळंच. आचाऱ्याचं पोट भट्टीच्या वासानंच भरतं. कामावर असले की चहावर भागवतात आणि घरी असले की चार वाजता, कुणी आठवण केली तर.

शिलाताईंनी वजनकाटा पिशवीत टाकला. मग म्हणाल्या, "काका, पाचशे पान उठवता तुमी. आणि तुमच्या घरात चार माणसं एका वेळी बसत न्हाईत? मी रोज सांगून राहिले, बाळाला घरच्या जेवणात घ्या, घरच्या जेवणात घ्या. तुमच्या घरी जेवणच न्हाई, नुस्तं खाणं आहे. या पोरीनं माणूस जेवताना पाहिलाय का कधी?"

प्रियदर्शनी आजीच्या मांडीवर बसून चमचा जमिनीवर आपटत होती. तिच्या मते तो त्याच कामाचा होता.

रविवारी दुपारी बारा वाजता घरातली पहिली पंगत बसली. पातळ वरण बिनमिठाचं, ज्वारीची भाकरी, मोठ्यांच्या ताटात बाजूला मिठाची चिमूट. पण बसायचं कसं तेच कुणाला कळेना. मालनबाईला नवऱ्याच्या आधी घास घेता येईना. पुंजाजी बसले आणि लगेच उठले, वाढायला. राणीनं त्यांना खाली बसवलं. ते पुन्हा उठले, कारण समोर रिकामी वाटी दिसली की त्यांचा हात आपोआप पळीकडं जातो.

"बाबा, बसा न आता," बुद्धभूषण म्हणाला.

"बसलो की. पण वाढतं कोण?"

"कुणीच न्हाई. आपापलं घ्यायचं."

"ही कोणती पंगत," असं म्हणून पुंजाजींनी भाकरी वरणात कुस्करली आणि घास तोंडात घातला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातचं, माणसांत बसून, दुपारच्या बाराला. चावायला लागले तर समोर दोन डोळे. प्रियदर्शनी त्यांच्या जबड्याकडं बघत होती. मग मालनबाईच्या. मग बापाच्या. आईच्या. पुन्हा आजोबाच्या. सगळी तोंडं हलत होती, आणि कुणीही तिच्या मागं लागलेलं नव्हतं. तिनं पुढं वाकून आजोबांच्या ताटात पंजा घातला, जो काला हाताला लागला तो तोंडात कोंबला आणि गिळला.

राणीच्या हातातला घास तिथंच राहिला. पुंजाजींनीही चावणं थांबवलं, तशी बाळानंही थांबवलं.

"मामा, चावा," राणी हळूच म्हणाली.

मग काय, बाळ खाईल तोवर पुंजाजींना खावं लागलं. चार वाजता कशीबशी अर्धी भाकरी खाणारा माणूस त्या दिवशी तीन भाकऱ्या जेवला. राणीनं संध्याकाळी ड्रेसला इस्त्री केली.

सोमवारी आठला बाळाला पाजून ती गेली. बुद्धभूषण दुकानाचं सामान आणायला परभणीला गेला. बारा वाजता पुंजाजी आणि मालनबाई ताटं घेऊन बसले. कालच्यासारखंच ताजं वरण, तशीच भाकरी, तेच ताट. प्रियदर्शनीनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं. पुंजाजींनी मोठ्यानं चावून दाखवलं. मालनबाईनं मिटक्या मारल्या. उपयोग शून्य. एक वाजता राणीचा फोन येणार होता, आणि "न्हाई खाल्लं" म्हटलं की ती पहिल्या गाडीनं परत निघणार हे दोघांनाही माहीत होतं.

"माल कालचाच, हातही कालचाच," पुंजाजी कपाळ चोळत म्हणाले. "मग बिघडलं कुठं?"

मालनबाई ताटांकडं बघत होती. "काल चौघं होतो."

पुंजाजी उठले आणि भिंतीवरून डोकावले. भावसिंग बाजेवर आडवा झाला होता.

"भावसिंग, जेवायला ये."

"आत्ताच जेवलो, दादा."

"मग नुस्तं येऊन बस. तोंड हालव."

भावसिंग आला. पाच मिनिटं त्यानं रिकामं तोंड हलवलं. बाळानं त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की तो ओशाळला. "वहिनी, वाढा अर्धी भाकर. हिला खोटं कळून राहिलं," तो म्हणाला. मालनबाईनं वाढलं. त्यानं पहिला घास घेतला, पुंजाजींनी दुसरा, आणि प्रियदर्शनीनं हात पुढं केला.

सहा घास गेले. सातवा तिनं फ्रॉकला पुसला. तेवढ्यात फोन वाजला.

"मामा, खाल्लं का हिनं?" राणीचा आवाज दबका होता.

"खाल्लं. अर्धी वाटी गेली असंल."

"खरं सांगा."

"तुझ्या सासूला विचार."

"कशासंग खाल्लं?"

पुंजाजींनी वरणाकडं पाहिलं, भाकरीकडं पाहिलं. दोन्हीपैकी एकाचंही नाव घ्यावंसं त्यांना वाटेना. "भावसिंगासंग," ते म्हणाले.

फोनमध्ये मागं कुणाचं तरी लेकरू रडत होतं आणि कुणीतरी राणीला सिस्टर, सिस्टर म्हणून हाका मारत होतं.

"बरं मामा," राणी म्हणाली, "मग मी वॉर्डात जाते."