देवघराकडे वाकलेल्या छत्र्या

आमच्या घरात दोन माणसं चोवीस वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती, आणि त्यांच्यात भांडण म्हणाल तर तेही नव्हतं. एक माझी आई. दुसरे मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, नात्यानं आईचे भासरे. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. मोठी आई वारल्यापासून मोठ्या बाबांचं जेवणखाण आमच्याकडेच होतं, त्यामुळे दिवसातून दहा वेळा दोघांना एकमेकांशी काम पडायचं. बाबा दिवसभर शेतात, म्हणून ते सगळं माझ्यामार्फत चालायचं. मी बोलायला लवकर शिकले म्हणतात, ते बहुधा घराची गरज म्हणूनच.

मोठे बाबा पुढच्या ओसरीवर, आई मागे स्वयंपाकघरात, मधे दोन खोल्या. निरोप नेताना त्या दोन खोल्यांत मला विचार करायला वेळ मिळायचा, आणि विचार केला की निरोप सुधारायचा. मोठे बाबा म्हणायचे, "तुया मायले सांग, भाजीत मीठ टाकलं का मिठात भाजी?" मी आत जाऊन सांगायची, "भाजी लय झकास झाली म्हणते मोठे बाबा." बिचारी आई दुसऱ्या दिवशी तश्शीच करायची. आई म्हणायची, "त्याईले सांग, चिखलाचे पाय घेऊन आत नोका येऊ." मी बाहेर सांगायची, "माय म्हणते पाय धुवाले गरम पाणी ठेवलं तुमच्यासाठी." मग परत आत जाऊन पाणी गरम करायला लावायची. घरात सुखशांती होती ती माझ्या थापांवर. पुढे मोबाईल आले, घराचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. मोठे बाबा रोज पहाटे त्यावर विठ्ठलाचा फोटो टाकायचे आणि आई हात जोडलेलं चित्र पाठवायची. ते देवाला होतं, भासऱ्याला नव्हे, म्हणून चालायचं.

मी अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आईनं अकोल्याला तीन दिवसांचं अळिंबीचं, म्हणजे मशरूमचं, प्रशिक्षण घेतलं. बचत गटातून दोघींची नावं गेली होती. दुसरीच्या घरी पाहुणे आले, म्हणून आई एकटीच गेली. गाव आमचं तिवसा तालुक्यातलं, अकोल्याला रोज जाऊन येण्यासारखं नाही. लग्नानंतर ती घराबाहेर एकटी राहिली ती तेवढेच तीन दिवस. परत आली ती वहीभर लिहून, आणि एक प्रमाणपत्र घेऊन. त्यावर तिचं नाव होतं आणि पुढे कुणाची बायको ते नव्हतं. ते तिनं गव्हाच्या डब्यात ठेवलं, कारण तिथं तिच्याशिवाय कुणी हात घालत नाही.

आता कापूस वेचला की थेट व्यापाऱ्याच्या गाडीत जातो, त्यामुळे आमची कापसाची खोली वर्षभर रिकामी असायची. आईला ती हवी होती. तिनं आजवर आमच्या घरात काहीच मागितलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले त्याच संध्याकाळी ती मला म्हणाली, "हे पयलं पीक जर नाही साधलं ना, तं मी पुन्हा या घरात कायचं नाव नाही घेणार." रडत नव्हती. भाकरी थापता थापता म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं.

मोठ्या बाबांचा कौल उलट होता. ते माळकरी, गावातल्या भजनी मंडळाचे म्होरके, आणि अळिंबी म्हणजे त्यांच्या लेखी कुत्र्याची छत्री. शिवाय कापसाची खोली देवघराला लागून. त्यांनी मला ओसरीवर उभं केलं आणि म्हणाले, "तुया मायले सांग, देवाच्या बाजूले थे घाण नाही चालणार. एक जरी छत्री दिसली, तं उकिरड्यावर फेकीन." मधल्या दोन खोल्यांत मी यातलं बरंच गाळलं. आईला सांगितलं, "मोठे बाबा म्हणते, दिसली नाही पायजे, बस." आईचा चेहरा असा खुलला की मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. बाहेर येऊन मोठ्या बाबांना सांगितलं, "माय म्हणते, तुमाले एक छत्री दिसणार नाही."

मग आम्ही सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भिजवलं, ड्रममध्ये उकळलं, निथळवून प्लास्टिकच्या पिशव्यांत बियाण्यासोबत थरावर थर भरलं आणि पिशव्या दोरीनं आढ्याला टांगल्या. आणि 'दिसली नाही पायजे' म्हणून आईनं खोलीच्या एकुलत्या एक खिडकीला दुहेरी बारदाना ठोकला, दारालाही लावला. आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. फक्त देवघराच्या भिंतीत वर एक वीतभर झरोका होता, त्यातून सकाळी थोडा उजेड यायचा. तो बुजवायचं तिला सुचलं नाही. देवघराकडून येणारी गोष्ट बुजवायची नसते.

तीनेक आठवड्यांनी पिशव्या पांढऱ्याफेक पडल्या, मग कोंब फुटले. मी शनिवारी घरी आले तेव्हा आई खोलीत खाली बसली होती. छत्र्या आल्या होत्या, पण कशा? दांडे बोटाएवढे लांब, मुंड्या बटणाएवढ्या, आणि पंधराच्या पंधरा पिशव्यांवरच्या झाडून सगळ्या एकाच बाजूला मान ताणून वाकलेल्या. झरोक्याकडे.

"माझ्या वहीत लिहेल हाय," आई म्हणाली. "उजेड कमी पडला की दांडा लांबते, थो उजेडाकडं जाते. मले कळाले पायजे होतं."

मला ते वहीशिवाय माहीत होतं. कॉलेजात मॅडमनी आम्हाला शेणावर उगवणारी एक बुरशी दाखवली होती. खोक्यात शेण ठेवायचं, खोक्याला एक भोक पाडायचं. ना डोळे, ना मेंदू, पण ती केसाएवढी बुरशी भोकाकडे वाकते आणि उजेडावर नेम धरून आपली काळी टोपी उडवते. दुसऱ्या दिवशी भोकाभोवती ठिपकेच ठिपके. लोकांची टोपी उडवणारे मी पुष्कळ पाहिले होते, स्वतःची उडवणारा हा पहिलाच. ते आठवलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. झरोक्याच्या पलीकडे कोण होतं? पांडुरंग.

मी ओसरीवर गेले. तोंड शक्य तेवढं भोळं केलं. "मोठे बाबा, चला ना जरा. त्या छत्र्या देवाच्या पाया पडून राहिल्या."

"काय व, सकाळी सकाळी," ते म्हणाले, पण आले. आई पदर ओढून दाराआड सरकली. मोठे बाबा पिशव्यांकडे पाहत राहिले. मग झरोक्याकडे पाहिलं, परत पिशव्यांकडे. डोक्यावरची टोपी नीट केली आणि हात जोडले. "बाप्पा," म्हणाले, "याईले कुत्र्याची छत्री म्हणालो मी!"

खोली वाचली. मला वाटलं, हे माझं आयुष्यातलं सर्वांत मोठं काम. फुशारकीनं मी आईकडे पाहिलं, तर ती माझ्याकडे असं पाहत होती जणू मी दुधात पाणी घालताना सापडले होते.

दुपारपर्यंत भजनी मंडळ आलं. एक बुवा कौंडण्यपूरच्या देवळातला हार घेऊन आले, तो त्यांनी मधल्या पिशवीला घातला. छत्र्या लहान असल्या तरी पिकल्या होत्या आणि त्यांच्याखालून पांढरी भुकटी खाली झडत होती. बी असतं ते त्यांचं. बुवांनी बोट फिरवलं, कपाळाला लावलं आणि जाहीर केलं, "अंगारा पडून राहिला!" मग काय, सगळ्यांनी लावला, दोघांनी तर जिभेवर घेतला. थोड्याच वेळात मंडळातली माणसं एकामागून एक शिंकायला लागली. एकाला आठ शिंका आल्या. ती सत्याची खूण आहे असं ठरलं. मी मागच्या अंगणात जाऊन पोट धरून हसले.

हसू संध्याकाळी जिरलं. आई सुरी आणि टोपलं घेऊन तोडणीला निघाली, तर मोठे बाबा दारात उभे. "तुया मायले सांग, देवापुढं मान वाकवणाऱ्याले सुरी नाही लावाची. गुरुवारी आरती हाय. तोवर कोणी हात नाही लावाचा."

या वेळी निरोप सुधारता येईना. आत जाऊन मी तसाच सांगितला. गुरुवारपर्यंत छत्र्या सडल्या असत्या, पिशव्यांना माशा लागल्या असत्या, आणि आईचं पहिलं पीक देवाच्या नावानं उकिरड्यावर गेलं असतं. मोठ्या बाबांनी फेकलं असतं तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी म्हटलं, मी जाऊन खरं सांगते. आई म्हणाली, "तू आता राहू दे. तू लय सांगतलं."

तिनं डोक्यावरचा पदर खोचला आणि ओसरीवर गेली. मोठे बाबा मंडळातल्या तिघांसोबत बसले होते. ती खांबापाशी थांबली. नजर खालीच होती, पण आवाज नव्हता खाली.

"आयका जी. थे पाया नाही पडून राहिले. झरोक्यातून उजेड येते, म्हणून तिकडं वाकले. खिडकीले बारदाना हाय. काढला, तं नवे कोंब खिडकीकडं वाकतीन. मी शिकून आली. पोरीनं तुमाले बनवलं."

चोवीस वर्षांत मोठ्या बाबांनी तिचा आवाज भिंतीपलीकडूनच ऐकला होता. त्यांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. "तुया मायले विचार..." एवढं म्हणाले आणि अडले, कारण आई पाच हातांवर उभी होती. मग तिच्याकडे वळले. टोपी काढली, परत घातली. मला कळलं त्यांचं कुठे अडलं ते. तिला तू म्हणायचं की तुमी, हे त्यांना कधी ठरवावंच लागलं नव्हतं.

"मंग बारदाना कावून लावला... तुमी?"

"तुमीच निरोप धाडला होता जी. दिसली नाही पायजे म्हून."

"मी? मी तं देवाच्या बाजूले ठेवाचीच नाही म्हणालो होतो."

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मोठे बाबा हळूच म्हणाले, "आन् थे गरम पाणी?" आईनं विचारलं, "आन् थे झकास भाजी?" एकेक करून माझे सगळे निरोप त्या ओसरीवर उघडे पडले. मंडळातले तिघं आळीपाळीनं त्या दोघांची तोंडं पाहत होते. माझ्याकडे पुन्हा कुणी निरोप दिला नाही. ती माझी पहिली नोकरी, आणि मी ती हक्कानं गमावली.

मोठे बाबा उठले. आतून हातोडीचा आवाज आला, मग खिळे पडल्याचा. बारदाना त्यांनीच उपटला आणि उजेड थेट पिशव्यांवर आला. मधल्या पिशवीचा हार काढून त्यांनी हातात धरला. "कापा तुमी," म्हणाले, "देवाले मी सांगतो."

आईनं पहिला झुपका हातात धरून दांड्याशी कापला आणि डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, पीक वाचलं म्हणून. टोपलं धरायला मी जवळ गेले तर ती डोळे पुसत माझ्या कानात म्हणाली, "आयकलं का? मले तुमी म्हणाले."