कात्रणामागची सही

आमच्या डाव्या अभ्यासमंडळात एक शिस्त होती. बाहेरून आलेलं प्रत्येक कात्रण आधी तपासायचं, मागे लाल शाईनं निकाल लिहायचा आणि तपासणाऱ्यानं खाली सही करायची. इतवारीच्या बाजारात धान्याच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी आम्ही सात-आठ जण बसत असू. इंग्रजी नीट वाचणारा मी एकटाच, त्यामुळे सह्या बहुतेक माझ्या. त्याचा मला भारी ताठा होता.

कन्हानला कोळशाच्या खाणीत असलेला माझा मित्र एकदा एक कात्रण घेऊन आला. सोव्हिएत काळातल्या युक्रेनच्या दुष्काळावरचा लेख होता, सोबत एका मुलीचा फोटो. फुगलेलं पोट, काटक्यांसारखे पाय. त्याच्या बायकोनं ते देव्हाऱ्याजवळ जपून ठेवलं होतं. सर्वपित्री अमावस्येला घरच्या पितरांसोबत ती या मुलीसाठीही एक पान वाढायची. हिच्यामागे वाढायला कोण उरलं असेल, म्हणायची. मंडळात त्यावरून मित्राची थट्टा झाली, म्हणून त्याला खरं-खोटं करून हवं होतं.

मी पंधरा दिवस ग्रंथालयात बसलो आणि चूक पकडली. फोटो त्या दुष्काळातला नव्हताच, आधीच्या एका दुष्काळातला होता. खूश होऊन मी मागे ‘खोटा’ लिहिलं, सही ठोकली आणि वर भाषणही दिलं. फोटो खोटा, म्हणून लेख खोटा, म्हणून दुष्काळ झाला तो शत्रूच्या छापखान्यात. कात्रण माझ्या फायलीत राहिलं. मित्रानं घरी जाऊन ते पान बंद केलं.

पुढे तिकडची दप्तरं उघडली, कागद बाहेर आले, मी वाचत गेलो. सरकारचा हेतू काय होता यावर अभ्यासक अजून भांडतात. पण गावांतून धान्य उचलून नेलं आणि माणसं उपाशी मेली, हे आता टाळता येत नाही. मला ते बरीच वर्षं माहीत होतं. कन्हानला जाऊन सांगायची मात्र लाज वाटायची. ती मुलगी जेवताना हटकून आठवायची. घास तसाच हातात राहायचा.

मित्राच्या बायकोला जाऊन वर्ष झालं, तेव्हा कुठे मी गेलो. त्याची नजर पार गेली आहे. मी फोटोचा इतिहास काढून बसलो, तर त्यानं मला थांबवलं.

“फोटोचं राहू दे गा. लोकं मेले का नाही?”

“मेले.”

“अन् थे पोरगी?”

फोटो कोणत्या दुष्काळातला, हे मी शोधून काढलं होतं. कोणत्याही दुष्काळातली असली तरी ती उपाशीच होती, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तेवढंच मी त्याला सांगितलं. मग तो म्हणाला, सर्वपित्रीला ये, कात्रण घेऊन ये.

अमावस्येला मी ते नेलं. सुनेनं दोन पानं शेजारी-शेजारी वाढली, एक सासूचं, एक त्या मुलीचं. मित्रानं कागद बोटांनी चाचपला.

“मांगं काही लिहिलं हाय का?”

“‘खोटा’ लिहिलं हाय,” मी म्हणालो. “खाली माही सही हाय.”

त्यानं मला कात्रण दोन्ही पानांच्या मधे ठेवायला सांगितलं. सही वर करून.