फिरणारं चक्र आणि बंद गिरणी

कमलनगरात बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करते म्हटलं की इथल्या लोकांना वाटतं, ही फुकटचा पगार खाते. थोडंफार तसंच आहे, म्हणा. संकेतस्थळ नीट चालतं का, हे मी स्वतः बघतच नाही. ते बघणारा प्रोग्रॅम लिहिते. तो आपणहून ब्राउझर उघडतो, बटणं दाबतो आणि पास की नापास ते सांगून मोकळा होतो.

त्या आठवड्यात मात्र त्यानं माझा छळ मांडला होता. शेतमालाच्या भावांचं पान होतं. त्यानं आळंदचा बाजार निवडायचा आणि तुरीचा भाव आला का पाहायचं, एवढंच. एकदा पास, लगेच दुसऱ्यांदा नापास. म्हणे, यादी रिकामी आहे. मी उघडून बघावं तर यादी गच्च भरलेली. साहेबांनी फोनवर निकालच देऊन टाकला, "तुमच्या गावाकडचं नेट असंच. सोमवारपर्यंत हे थांबलं नाही तर ऑफिसात येऊन बसा."

पुणं काही वाईट नाही. पण आई गेल्यापासून घरात अप्पा आणि मी दोघंच, आणि समोर कुणी जेवायला बसलं नाही तर अप्पा चहा-बिस्किटावर दिवस काढतात. मला जायचं नव्हतं. अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "जा की. माझं काय अडायलंय?"

मग मी इलाज सुरू केले. प्रोग्रॅमला आधी पाच सेकंद थांबायला सांगितलं, मग दहा. नेट चांगलं असलं की तो उगाच ताटकळायचा, वाईट असलं की दहाही पुरायचे नाहीत. मग मला शहाणपण सुचलं. भाव येईपर्यंत पानावर एक गोल चक्र फिरतं. ते दिसत नसेल तर यादी आली असं समज, असं त्याला सांगितलं. तरी नापास. मी लॅपटॉपचं झाकण असं आपटलं की शेजारची कोंबडी उडाली.

शनिवारी दुपारी अप्पा ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर गेले आणि तसाच भरलेला डबा घेऊन परत आले.

"कामून, दळलं न्हाई?" मी विचारलं.

"रस्त्यावरनं बघितलो, गर्दी न्हाई. वाटलं, समद्यांचं दळून झालं. आत गेलो तर गिरणीच बंद. लाइट न्हाई."

मला हसू आवरेना. "अप्पा, लाइट न्हाई म्हणून तर गर्दी न्हाई. लोक अजून यायचेत."

एवढं बोलले आणि लॅपटॉप पुन्हा पुढ्यात ओढला. माझा प्रोग्रॅम तरी दुसरं काय करत होता? पान उघडल्याबरोबर बघायचा, चक्र नाही. म्हणजे काम झालं. चक्र बिचारं अजून यायचं होतं.

मी चक्राचा नादच सोडला. तुरीचा भाव यादीत दिसेपर्यंत थांब, दिसला की लगेच पुढे जा, फारच उशीर झाला तर खुशाल नापास म्हण, असं लिहिलं. मुद्दाम नेट हळू करून पुन्हा पुन्हा चालवलं. पास, पास, पास. एवढा आनंद मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

सोमवारी साहेबांचा निरोप आला, "ठीक आहे, तिथूनच करा." दुपारी भाकरी वाढताना अप्पांना सांगितलं, आता जायचं नाही.

"बरं," एवढंच म्हणाले आणि भाकरी मोडली. दोन घास गेल्यावर ताटाकडे बघतच म्हणाले, "तुझी मोठी बॅग शेजारच्या अक्काच्या घरी नेऊन ठिवलोय. आता आणू व्हय?"