स्टार्टरच्या डब्ब्यातला कंप्युटर

इहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर जळला तं नवऱ्यानं त्याचा लोखंडी डब्बा घरी आणला, आतलं सारं उपटून फेकलं अन् म्हणे, ह्याच्यात कंप्युटर बसवतो. तो लग्नाच्या शुटिंगा करते. व्हिडिओ जोडाले दिग्रसच्या दुकानात नंबर लावून बसा लागे, ते त्याले जमे नाही. एका जिनिंगच्या ऑफिसातून निंगालेला जुना मदरबोर्ड आणला, रॅमच्या पट्ट्या, हार्डडिस्क, पंखा. नवा कॅबिनेट नाही घेतला. म्हणे पत्रा तो पत्राच.

मी उजेडासाठी बॅटरी धरून उभी राहो, पोट्टं कडेवर. तो ड्रिलनं भोकं पाडे. माया हात हालला अन् भोक तिरपं गेलं का पेचकस हातात असन तसाच मारे. दंडावर अजून वण आहे. बोर्ड पत्र्याले टेकला का शॉट होते, म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठेवले, ते बी मीच कापून देले.

सुरू झाला कंप्युटर. पण ठेवला कुठं? समोरच्या खोलीत, कापसाले लागून.

आमच्याकडे येचलेला कापूस घरातच भरते, चांगला भाव येईपर्यंत. अर्धी खोली, छातीइतका ढीग. मायं दीड वर्षाचं पोट्टं त्याच्यावरच लोळे, त्याच्यावरच झोपे. अन् खोलीत प्लग एकच, तो बी ढिगापाशी. मले पहिल्या दिसापासून धाक, का ह्या डब्ब्याच्या पायी माया लेकराले काही होईन. मी चिमूटभर कापूस भोकापाशी धरून पायला, पंख्यानं सर्रकन आत ओढला.

"अवो, हा कापूस ओढून राह्यला आत. डब्बा सयपाकघरात ठेवू ना."

"नववीवाली मले कंप्युटर शिकवून राह्यली! चुलीपाशी ठेवू काय? बह्याड."

"मंग कापूस तरी इका."

"तुया बापानं भाव वाढवला काय?"

सासू दारातून म्हणे, "चूप राहजो बाई. तोंडी लागू नोको त्याच्या."

मंग त्याले स्पीड वाढवाचं याड लागलं. सुरू होतानी बटन दाबलं का निळा पडदा येते, त्याच्यात तो आकडे वाढवे. आकडे वाढवले का व्हिडिओ झटक्यात जोडल्या जाये, पण डब्बा तापे, अन् तापला का खट्ट करून बंद. बंद झाला का माया पाठीवर. एकदा माउसच वायरीनं फिरवून मारला, कानामागून रगत आलं. हवा लागाव म्हणून त्यानं डब्ब्याचं झाकण बी काढून टाकलं, तं आतमंधी सारे कापसाचे रोंवे. मी म्हणलं पुसून देतो, तं हातावर लाथ.

त्या दुपारी एका लग्नाचा व्हिडिओ संध्याकायपर्यंत द्याचा होता. त्यानं आकडा अजून वाढवला. पोट्टं ढिगावर झोपलं होतं. मी दाराशी तांदूळ निवडत होती, नजर पोट्ट्यावरच. खट्ट झालं. पडदा कायाकुट्ट.

तो उठला अन् डब्ब्यालेच लाथ घातली. डब्बा लवंडला, वायर उपटली, चर्रर्र करून निळी ठिणगी उडाली. आतल्या रोंव्यानं पेट घेतला, अन् ढिगावरून जाळ असा पयाला जसा पाण्यावरून वारा पयते.

तो वाकला. मले वाटलं पोट्ट्याले उचलते. त्यानं डब्बा उचलला. वायरी तोडून छातीशी धरला अन् आंगणात पयाला.

मी कशी गेली आत मले नाही आठवत. पाय सापडला पोट्ट्याचा, तोच ओढला. केस जळले होते त्याचे, कान लाल, अन् आवाजच नाही, मंग एकदम किंचायलं, तवा मी रडली. सासू बादल्या ओतून राह्यली होती, कापूस आतून सुलगतच होता, धुरानं डोये उघडत नव्हते.

आंगणात तो गुडघ्यावर बसून हार्डडिस्क खोलत होता. मले पाह्यलं अन् ओरडला, "तूनंच वायर ढिली केली, तूनंच!" बाजूले पडलेलं ड्रिल घेऊन उठला.

सासू मधात आली. तिच्या खांद्यावर बसलं ते. तिनं त्याचा हात धरला अन् म्हणे, "पय बाई! पोट्टं घेऊन पय!"

तुरीच्या वावरातून पयाली, अनवाणी. सडकेवर यष्टीले हात देला. आता मायच्या घरी आहो, राळेगावकडे.

परवा त्याचा फोन आला. म्हणे, डिस्क वाचली, पंखा उलटा बसवला, आता तापत नाही, ये. मले वाटलं आता पोट्ट्याचं इचारन. तो रॅमचंच सांगून राह्यला. मंग म्हणे, "नाही आली तं मीच येतो, मंग पाहजो."

मायनं फोन घेतला हातातून. "जावई, ह्या घरात पाय ठेवाचा नाही."

ती बोलली, पण दाराची कडी मीच लावली. आज बी दुपारभर लावूनच आहो, अन् पोट्टं बाहेर जाण्यासाठी दार बडवून राह्यलं.