आर्डिसच्या नवऱ्याची पाठ

विस्कॉन्सिनातल्या गोठ्यागोठ्यांतून फिरणारी मार्लिस टेश जनावरांची डॉक्टर होती. पाठ धरलेल्या गायीला नुसतं इंजेक्शन टोचून निघून यायचं, हे तिच्या मनाला लागायचं. म्हणून पन्नाशी उलटल्यावर ती जनावरांचे मणके हाताने बसवायला शिकली. परीक्षेतला कुत्रा झाला, घोडा झाला. प्रमाणपत्रासाठी आता फक्त गाय उरली होती.

परीक्षक होते ऑरविल क्नुटसन, कमालीचे नियमनिष्ठ म्हातारे. मार्लिसला चढून उभं राहता यावं म्हणून गायीशेजारी गवताची गासडी सरकवायला ते वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"चालू ठेवा, डॉक्टर," ते गायीच्या पोटाकडे बघत म्हणाले.

"अहो, सरळ होता येतंय का तुम्हाला?"

"नाही. पण तो प्रश्न परीक्षेत नाही."

कुठला मणका अडलाय ते मार्लिसला दिसत होतं. हात शिवशिवत होते. पण माणसाला हात लावला तर परवाना जायचा.

एवढ्यात ऑरविलची बायको, आर्डिस, तळलेल्या चीजची पुडी घेऊन आली.

"हा असा का उभा?"

"पाठ धरलीय त्यांची. पण मला फक्त जनावरांना—"

"मग लाव की हात! अडलंय कुठे?"

"मालकाची परवानगी लागते," ऑरविल कण्हले.

"मालकीण मी. लग्न झाल्यापासून खायला घालतेय. दिली परवानगी!"

ऑरविलनी बराच विचार केला. "तोंडी चालते," ते म्हणाले.

मार्लिस गासडीवर चढली. तिने तळहात टेकवला, झटका दिला. कट्! म्हातारा ताठ उभा. सवयीने तिने त्यांची मान खाजवली आणि "शाब्बास रे राजा" म्हणून गेली. मग दोघंही छताकडे बघत राहिले.

"हात चांगला आहे," ऑरविल म्हणाले. "पण वेळ संपली, गाय राहिली. नापास."

"लाज नाही वाटत?" आर्डिस कडाडली.

गाय तोवर खाली बसून आर्डिसने गासडीवर ठेवलेल्या पुडीतलं चीज खात होती.

पुढच्या परीक्षेत दुसऱ्या परीक्षकांनी मार्लिसला पास केलं. ऑरविलना मात्र आता दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. आर्डिस त्यांना मार्लिसच्या दवाखान्यात आणते. कुत्र्यांच्या रांगेत ते गुमान बसतात.

परवा एका बाईने आपला लॅब्राडोर जवळ ओढला. "चावत नाहीत ना हे?"

"हल्ली नाही," आर्डिस म्हणाली.