मासेवाल्यानं दिलेलं काळं पाणी

आमच्या इथल्या सदर बाजारात शोभेचे मासे विकणारा एक माणूस आहे. नाव मी काही विचारलं नाही. गिऱ्हाइकाकडे न बघता माशांकडेच बघत बोलायची त्याची सवय.

माझ्या टाकीतले पाच मासे महिन्याभरात मेले होते, दोनच उरले होते. म्हणून फिल्टरमध्ये टाकायच्या चिनीमातीच्या महागड्या रिंगा घ्यायला मी गेले. मासे मरताहेत असं सांगत डबा हातात घेतला, तर त्यानं विचारलं, "काकू, फिल्टरचा स्पंज कधी धुता?"

"दर रविवारी. नळाखाली, पार पांढरा होईपर्यंत," मी जरा ऐटीतच सांगितलं.

"तरीच! त्यात राहणारे जंतू माशायची घाण खातात जी. तुम्ही तर दर रविवारी त्यायचं घरच धुऊन काढून राहिल्या."

मला रागच आला. माझ्या स्वच्छतेला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं.

त्यानं डबा परत फळीवर ठेवला. "हे काहून घेता? घरी छपराचं फुटकं कवेलू असन, तर त्याचे तुकडे टाका. जंतूले राहाले बारीक छिद्रं पाहिजे, बस."

माल विकायला बसलेला माणूस माल परत ठेवतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मग आपल्या टाकीतला काळाकुट्ट स्पंज काढून त्यानं पिशवीत पिळला. "हे बी न्या. यात जंतू आहेत. फुकट."

घरी कवेलूचे तुकडे फिल्टरमध्ये भरले आणि ते काळं पाणी हातात धरून बराच वेळ उभी राहिले. चकचकीत टाकीत आपल्याच हातानं घाण ओतायची म्हणजे! शेवटी डोळे मिटून ओतली.

दोन्ही मासे अजून आहेत. रविवारी हात फारच शिवशिवले, तर मी गॅसची शेगडी घासते.