वावरांची नावं आणि वहिनींचा डबा

शिरूरच्या दवाखान्यात वहिनींना शेवटचं भेटले, तेव्हा त्यांनी माझी विचारपूस केली नाही आणि स्वतःच्या दुखण्याचंही काही सांगितलं नाही. नाकाला नळी, आवाज खोल गेलेला. मी खुर्ची ओढून बसते न बसते तोच म्हणाल्या, "वन्सं, तुमच्याकडचं उघडून बघितलं का?" मी म्हटलं, "अहो, आधी पाणी तरी विचारा माणसाला. दौंडहून एसट्या बदलत आलेय." डोळे मिटूनच हसल्या. "पाणी तुमचे भाऊ देतील... उघडलं का ते सांगा." उघडलं होतं, आणि सगळं नीट चालत होतं. तसं सांगितल्यावर त्यांनी समाधानानं मान हलवली आणि खुशाल झोपी गेल्या. काही दिवसांनी, घरोघर गणपती बसलेले असताना, सकाळीच दादाचा फोन आला. "शालन गेली गं," एवढंच म्हणाला. मला रडू फुटलं ते बऱ्याच वेळानं. आधी मनात आलं ते असं, की ही बाई जिंकून गेली. नणंदेनं भावजयीचं असं कौतुक करावं ही काही आपल्याकडची रीत नाही. वहिनी असत्या तर म्हणाल्या असत्या, "हयात असताना कंजूसपणा केला, आता कुठं हात सैल सुटलाय." म्हणू देत.

माझा थोरला भाऊ आणि वहिनी शिरूरला राहायचे. वहिनी तिथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होत्या आणि मी दौंडला रेल्वेच्या कचेरीत. पण आमचं गाव निमोणे, शेती तिथंच. आमच्या गावात प्रत्येक वावराला नाव आहे. कागदावर नुसता गट नंबर, पण माणसांच्या तोंडी चिंचेचं वावर, बारवेची पट्टी, घोड्याचा माळ. एका तुकड्याचं नाव तर 'रडकं', कारण पावसाळा सरला तरी त्याच्या बांधातून पाणी झिरपत राहतं. आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, ही सगळी नावं पाठ होती. आबा गेले आणि त्या साली खुरपायला आलेल्या बायकांनी दादाला विचारलं, "रडकं म्हंजी कुठलं वो?" दादानं मोठ्या रुबाबात बोट दाखवलं. बायकांनी दिवसभर राबून शेजाऱ्याची मेथी खुरपून दिली! आम्ही पोट धरून हसलो. वहिनीही हसल्या, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पुढच्या रविवारी फोन घेऊन त्या निमोण्यात हजर. शेजारच्या सोपानआबांना त्यांच्याच वावरात उभं केलं आणि म्हणाल्या, "आबा, नाव सांगा, आन् ते का पडलं ते सांगा."

तिथून जे सुरू झालं ते काही वर्षं चाललं. सुट्टी आली की वहिनी गावात. कधी बांधावर, कधी ओसरीवर, आणि बारवेच्या वरच्या अंगाला एक टेकाड आहे, त्यावर तर हटकून. साऱ्या शिवारात फोनला रेंज तिथंच मिळायची, आणि टिपलेलं इंटरनेटवर त्या तिथूनच चढवायच्या. हात उंच करून टेकाडावर उभ्या राहिलेल्या वहिनी लांबून दिसल्या की मी म्हणायचे, "झालं, आमच्या घरचं बुजगावणं उभं राहिलं."

मला आधी वाटलं, यात काय मोठंसं? फोन धरायचा आणि बटण दाबायचं. खरं काम पुढं होतं. फोन आपल्या मनानं प्रत्येक ध्वनिमुद्रणाला इंग्रजी अक्षरं आणि लांबलचक आकडा चिकटवतो, त्यातून उद्या काय सापडायचं? वहिनींनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि मांडणीवरचं एक ताट उलटं केलं. "हे बघा. लग्नातलं ताट. यावर काय घातलंय? नाव, गाव, कुणाकडून, कवा. म्हणून तर पन्नास घरांच्या पंगतीतनंबी आपलं ताट आपल्याकडं परत येतं." तसं प्रत्येक ध्वनिमुद्रणाला त्या नाव घालायच्या: वावर कुठलं, बोलणारं माणूस कोण, केव्हा बोललं, कुणी टिपलं. आणि टाकून द्यायच्या, ते तर फारच निर्दयपणे. एकाच बांधाची तीन-तीन ध्वनिमुद्रणं, एकात वारा, एकात शेळीचा कालवा, त्यातलं एक ठेवून बाकीची पुसून टाकायच्या. "आताच्या दिवसांत साठवायला काय लागतं वन्सं? शुभ सकाळची फुलंबी साठतात. टाकायचं काय, हे कळायला डोकं लागतं." एकदा गावच्या पारूआत्या बोलण्याच्या भरात आपल्या जावेचा यथेच्छ उद्धार करून बसल्या आणि दुसऱ्या दिवशी घाबरून आल्या. वहिनींनी तेवढा भाग काढला आणि तो कुणाकुणाकडं गेला होता त्या घरी जाऊन तिथूनही पुसून घेतला. मध्यंतरी दोन तरुण गाडी घेऊन शिरूरला आले होते. यंत्राला मराठी बोलायला शिकवायचंय, म्हणून हे सगळे आवाज त्यांना हवे होते. वहिनींनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाल्या, "आवाज माझे नाहीत हो. गावात घरोघर जाऊन विचारा, हो म्हणतील त्यांचे न्या." ते चहा पिऊन गेले ते पुन्हा काही दिसले नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्याकडं शेजारणीचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. तिनं वाटीभर आमटी दिली, तर वाटी परत देताना त्यात निदान चिमूटभर साखर तरी घालायची. वहिनींनी हीच रीत इथं लावली. ज्या घरचा आवाज घेतला त्या घराला त्याची अस्सल प्रत द्यायची, आणि त्यासोबत शेजारच्या एका घराची, त्यांना विचारून. कुणाच्या फोनमध्ये, कुणाच्या कार्डात, कुणाच्या पेन ड्राइव्हमध्ये. मी चिडवायचे, "हे काय वहिनी, संक्रांतीचं वाण लुटताय होय?" त्या म्हणायच्या, "माणसानं एवढा आवाज दिला, मग माघारी रिकाम्या हातानं कसं जायचं?" बरं, इतकी वर्षं ग्रंथालयात काढलेली बाई, पुस्तक परत आलं नाही तर जिवाची तगमग होणारी, आणि इथं मात्र गावभर वाटत सुटलेली. मला त्याचा मेळ लागायचा नाही.

मग ती खंडेनवमी आली. दादानं रीतीप्रमाणे पूजा मांडली. विळे, खुरपी, मोटारीचा स्टार्टर, दारातला ट्रॅक्टर. मांडता मांडता त्याच्या मनात आलं, आपल्या घरात सगळ्यांत जास्त राबणारं अवजार तर सगळे आवाज साठवलेली शालनची ती काळी हार्ड डिस्क! भाबड्या मनानं त्यानं ती पाटावर ठेवली, फुलानं पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू घातला. संध्याकाळी पुसून जागच्या जागी ठेवूनही दिली. पण पाणी आणि कुंकू नेमकं वायर जोडायच्या खाचेत गेलेलं. दुसऱ्या दिवशी वहिनींनी वायर लावली आणि डिस्क जी गप्प झाली ती कायमची. पुण्याच्या दुरुस्तीवाल्यानंही हात टेकले.

वहिनी काही कच्च्या नव्हत्या, दुसरी प्रत त्यांनी इंटरनेटवर एका फुकट जागा देणाऱ्या ठिकाणी ठेवलेली होती. पण दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. ते ठिकाण केव्हाच बंद पडलं होतं. बंद होणार असल्याच्या सूचना तिथल्या लोकांनी पाठवल्या होत्या, पण वहिनींच्या कॉलेजच्या ईमेलवर, आणि निवृत्तीनंतर तो ईमेलही बंद झालेला. म्हणजे दोन्ही प्रती गेल्या. सोपानआबा तोवर वारले होते. आणखी कितीतरी म्हातारी माणसं गेली होती, त्यांना पुन्हा बांधावर उभं कोण करणार? आणि त्याच महिन्यात वहिनींच्या दुखण्याचं निदान झालेलं. हाताशी वेळ थोडा आहे, हे त्यांना डॉक्टरांच्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं.

मी दौंडहून धावत गेले. दादा जेवायला बसत नव्हता. शेवटी वहिनीच त्याला म्हणाल्या, "तुम्ही उपाशी राहून डिस्क चालू होणार असती तर मीच सांगितलं असतं. बसा जेवायला." आणि मग माझ्याकडं वळून, "वन्सं, उद्या निमोण्याला जायचं. जितकी माणसं उरलीत तितकी पुन्हा टिपायची." डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली बाई! पण त्यांच्यापुढं कुणाचं चाललंय?

पहिलंच घर सोपानआबांचं. त्यांची सून ताराबाई दारात आली. काय झालं ते सांगता सांगता वहिनी रडू लागल्या. इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. ताराबाई गोंधळून बघतच राहिल्या. "आवो वैनी, रडताय कशापायी? मामंजींचा आवाज हाय की आमच्याकडं! तुम्हीच दिलता न्हवं? आन् पारूआत्याचाबी हाय त्यात." त्यांनी ट्रॅक्टरच्या किल्लीला बांधलेला पेन ड्राइव्ह आणून हातावर ठेवला. "ट्रॅक्टरात गाणी वाजत्यात आन् मधीच मामंजी बोलाया लागत्यात. आमी काय पुसलं न्हाई. सवय झालीया." वहिनी उंबऱ्यावरच बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, मला काही सांगता यायचं नाही... माझा मात्र जीव भांड्यात पडला.

पुढच्या रविवारी देवळाच्या सभामंडपात वहिनी लॅपटॉप घेऊन बसल्या आणि गाव लोटलं. जुने फोन, फुटक्या काचांचे फोन, पदराच्या गाठीत बांधून आणलेली कार्डं. भांडगावला दिलेली एक लेक बापाचा आवाज घेऊन आली. शिक्रापूरच्या कारखान्यात कामाला असलेला एकजण रात्रपाळी करून झोप न घेता आला. काही ध्वनिमुद्रणं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून पुन्हा पुन्हा धुतलेल्या लुगड्यासारखी विरली होती. पण एका घरात हरवलेलं असलं, तर तेच शेजारघरी निघायचं. आणि मग पारूआत्या आल्या. आपला फोन वहिनींपुढं ठेवला आणि तिथंच फतकल मारून बसल्या. "आता मी सांगती ते घे. तळ्याखालच्या पट्टीचं जुनं नाव तुला म्हायतीच न्हाई." वहिनी म्हणाल्या, "आत्या, आज नुसतं जुनं परत घ्यायचंय." पारूआत्या उसळल्याच, "म्हंजी? भांडं रिकामं आणू व्हय गं मी?"

त्या बोलल्या, आणि मग रांगच लागली. ज्यानं त्यानं जुनं परत दिलं, वर एखादं नवं नाव सांगितलं. ज्यांनी पूर्वी वहिनींना दारातूनच वाटेला लावलं होतं तेही येऊन बोलले. दिवेलागणीला वहिनींनी जुळवून पाहिलं. गेलं होतं त्यातलं एखाद-दुसरं सोडून सगळं आलं होतं, आणि जे हरवलंच नव्हतं असं कितीतरी जास्तीचं. वहिनी उठल्या आणि भर सभामंडपात दादाला म्हणाल्या, "बघा, पूजा पावली तुमची!" सगळा गाव हसला. दादा त्या दिवशी चांगला दोनदा वाढून घेऊन जेवला.

त्यानंतरचे महिने म्हणजे औषधं, अशक्तपणा आणि काम. वहिनींनी स्टीलचे तीन डबे आणले, त्यांवर ताटासारखं स्वतःचं नाव घालून घेतलं, आणि प्रत्येकात एक नवी डिस्क. एक शिरूरला, एक निमोण्याच्या शाळेत, एक माझ्याकडं दौंडला. नियम असा, की खंडेनवमीला तिन्ही उघडायच्या, त्याही दुसऱ्याच्या संगणकावर. "माझ्याशिवाय उघडलं तर ते राहिलं म्हणायचं." फूल शेजारी ठेवायचं, वर नाही, हे दादाला तोंडपाठ करायला लावलं. डिस्कलाही म्हातारपण येतं, म्हणून ती थकायच्या आत नवीवर उतरवायचं. आणि माझा डबा त्या दिवशी शिरूरला न्यायचा, तोही रिकामा नाही, एखादा नवा आवाज घालून. मला तर सारख्या म्हणायच्या, "वन्सं, अख्खा गाव बोलला, तुम्हीच तेवढ्या राहिलात. माहेरच्या एखाद्या जागेचं नाव सांगा की." मी म्हणायचे, "माझा आवाज ऐकून डिस्क पुन्हा बंद पडेल."

यंदा सुतकाचं वर्ष, घरात सण नव्हता. पण खंडेनवमी होती, म्हणून डबा घेऊन मी आधी निमोण्याला उतरले. शाळेतली डिस्क उघडून पाहिली आणि बारवेकडून चालत निघाले. टेकाडावर एक अनोळखी माणूस फोन कानाला लावून मोठ्यानं बोलत होता. खाली त्याचा कांद्याचा टेम्पो उभा. "आरं, वैनीच्या टेकाडावर हाय मी. व्हय, हितं रेंज हाय."

मी थबकलेच. तो खाली आल्यावर विचारलं, "याला वैनीचं टेकाड का म्हणतात?" तो म्हणाला, "काय की. मी बाहीरगावचा. समदे हेच म्हणत्यात." कुणी ठरवलं नव्हतं, कुठं पाटी लावली नव्हती. रडकं जसं रडकं झालं, तसंच हे झालं होतं.

मी टेकाडावर चढले. फोन सुरू केला, आणि वहिनींनी शिकवलं होतं तसं आधी माझं नाव सांगितलं, मग गाव, मग दिवस. नंतर जागेचं नाव सांगितलं, आणि ते का पडलं ते सांगितलं. आवाज कापला, वाराही बराच होता, पण मी ते पुसलं नाही; शाळेत परत जाऊन तसंच माझ्या डब्यातल्या डिस्कवर उतरवलं.

संध्याकाळी शिरूरला दादासमोर डबा ठेवला. त्यानं तो हातात घेतला आणि झाकणावरच्या वहिनींच्या नावावरून बोट फिरवत म्हणाला, "काय घालून आणलंयस?"

म्हटलं, "उघडून बघ."